आकड्याचं आडनाव

१.२० म्हणजे किती?

समजा, आजोबांच्या ट्रंकेत शेताचा एक जुना कागद सापडला. कडा कुरतडलेल्या, वरचा मथळा वाळवीने खाल्लेला. सर्व्हे नंबर कसाबसा वाचता येतो आणि त्याच्यापुढे शाईने लिहिलेला आकडा: १.२०. आता सांगा, जमीन किती?

शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेला नातू म्हणेल, सव्वा एकराला थोडी कमी. म्हणजे ४,८५६ चौरस मीटर. गावातला जाणता माणूस त्यावर हसेल. एकर-गुंठ्यांच्या हिशेबात मधला ठिपका दशांशचिन्ह नसतोच. तो एकर आणि गुंठे यांच्यामधला नुसता बांध असतो. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, सुमारे ६,०७० चौरस मीटर. आणि कागद मेट्रिक मापं आल्यानंतरचा असेल, तर हाच आकडा एक हेक्टर वीस आर होतो: १२,००० चौरस मीटर. पहिल्या उत्तराच्या जवळजवळ अडीचपट. भाऊबंदकीला एवढं पुरे.

वाळवीने आकडा खाल्लेला नाही. तो ठळक आणि सुवाच्य आहे. तिने खाल्लं ते आकड्याचं आडनाव. नुसतं ‘पांडुरंग’ म्हणून गावात माणूस सापडत नाही; कुठला पांडुरंग, कोणाच्या वाड्यातला, हे लागतं. तसंच १.२०ला ‘हेक्टर’ की ‘एकर-गुंठे’ हे लागतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून त्याला वेगळं लिहायची गरज वाटली नाही. अडचण अशी, की लिहिणारा जातो आणि कागद उरतो.

विज्ञानाच्या जगात असे बेवारस आकडे रोज कोट्यवधींच्या संख्येने तयार होतात. त्यांना आडनाव कसं द्यायचं, ते आकड्याला चिकटून कसं राहील आणि परक्या गावातल्या यंत्रालाही ते वाचता कसं येईल, या खटपटीतून एक्सएमएल नावाच्या खुणांच्या भाषेवर उभी राहिलेली प्रमाणकं आली. त्यांची गोष्ट सांगायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे आकाश.

देवयानीचा पत्ता

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे. अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनाही पुसट दिसते. तिचा आकाशातला पत्ता खगोलशास्त्रज्ञ दोन आकड्यांत सांगतात. पृथ्वीवरच्या रेखांशासारखा एक, त्याला विषुवांश म्हणतात. आणि अक्षांशासारखा दुसरा, ती क्रांती. देवयानीसाठी हे आकडे १०.६८ आणि ४१.२७.

पण १०.६८ काय? अंश की तास? विषुवांश दोन्हींत मोजण्याची रीत आहे. आकाशाचं पूर्ण वर्तुळ म्हणजे ३६० अंश, किंवा २४ तास. देवयानीचे १०.६८ हे अंश आहेत. कोणी ते तास समजून दुर्बीण वळवली, तर ती १६० अंशांवर जाऊन थांबेल, सप्तर्षींच्या परिसरात. तिथे देवयानी नाही.

अंश आहेत हे कळलं, तरी प्रश्न संपत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. या परांचन गतीमुळे आकाशावर आखलेली आपली चौकटच वर्षाला सुमारे ५० विकलांनी सरकते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ५० वर्षांत ही सरक ०.७ अंशांपर्यंत जाते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून जुन्या याद्या १९५०च्या चौकटीत असतात आणि नंतरच्या २०००च्या. कोणत्या सालची चौकट, हे न सांगता दिलेला पत्ता म्हणजे रस्त्यांची नावं बदललेल्या शहरातला जुना पत्ता.

आता तिसरा आकडा घ्या. देवयानीचा वेग सेकंदाला सुमारे उणे ३०० किलोमीटर. उणे म्हणजे ती आपल्याकडे येते आहे, अधिक असता तर दूर जात असती. हा संकेत ठाऊक नसलेला माणूस उणे चिन्ह छपाईची चूक समजून खोडूनही टाकील.

आणि ज्यांचा वेग मोजलाच गेला नाही, त्यांचं काय? जुन्या याद्यांत अशा ठिकाणी रकाना रिकामा सोडण्याऐवजी −९९९ किंवा ९९.९९ असा काहीतरी अशक्य आकडा भरण्याची सवय होती. माणूस तो पाहून समजतो, की इथे माहिती नाही. संगणक समजत नाही. तो सरासरी काढताना −९९९ इमानेइतबारे त्यात मिसळतो.

एकक, चौकट, चिन्हाचा अर्थ, रिकाम्या जागेची खूण. एका आकड्याला एवढी सगळी आडनावं लागतात. शंभर वर्षांपूर्वी ती छापील यादीच्या प्रस्तावनेत असत आणि यादी वापरणारा आधी प्रस्तावना वाचत असे. आकडे संगणकात गेले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी ही गरज इतरांच्या आधी ओळखली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ या प्रमाणकात चित्राच्या फाइलीच्या डोक्यावरच माहितीच्या ओळी बसवलेल्या असतात. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण पंचकार्डावर ८० अक्षरं मावत. पंचकार्डं गेली, ८० अक्षरांची ओळ फिट्सच्या फाइलीत आजही आहे. प्रमाणक एकदा रुजलं की किती चिवट होतं, याचा हा नमुना.

वकिलाने लावलेली खूण

खुणांची कल्पना मात्र दुर्बिणीतून आली नाही. ती आली कायद्याच्या कागदांतून.

चार्ल्स गोल्डफार्ब हा पेशाने वकील होता आणि आयबीएम कंपनीत काम करत होता. वकिलाच्या कचेरीतले कागद संगणकात ठेवायचे, हवे तेव्हा शोधायचे, दुरुस्त करायचे आणि नीट छापायचे, असं काम त्याच्यासमोर होतं. शोधायचा प्रोग्रॅम वेगळा, दुरुस्तीचा वेगळा, छपाईचा वेगळा, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. १९६९ साली त्याने एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या सहकाऱ्यांबरोबर तोडगा काढला. त्या भाषेचं नाव जीएमएल. या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जी, एम आणि एल अशीच होती.

तोडगा असा. पूर्वी छापखान्यात जाणाऱ्या मजकुरावर समासात सूचना लिहीत: ‘हे ठळक’, ‘हे मधोमध’, ‘इथे एक ओळ सोडा’. या सूचना मजकूर कसा दिसावा ते सांगतात. गोल्डफार्बने म्हटलं, तो कसा दिसावा ते सांगू नका, तो काय आहे ते सांगा. ‘हे शीर्षक’, ‘हे कलम’, ‘ही तळटीप’. दिसण्याचं काय करायचं ते छपाईचा प्रोग्रॅम पाहून घेईल. आणि ‘मला सगळी कलमं काढून दे’ म्हटल्यावर शोधायचा प्रोग्रॅमही ती काढून देऊ शकेल. ‘ठळक’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला ते जमणार नाही. ठळक अक्षरांत शीर्षकही असतं आणि ‘दारू पिऊन आत येऊ नये’ ही सूचनाही.

ही कल्पना वाढत जाऊन १९८६मध्ये ‘एसजीएमएल’ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणक झालं. ते दणकट होतं, पण इतकं अगडबंब की मोठे प्रकाशक, सैन्यदलं आणि विमान कंपन्यांखेरीज फारसं कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. इंटरनेट पसरल्यावर सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जॉन बोसाकच्या पुढाकाराने एका गटाने त्याची चरबी उतरवली. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे संपादक. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती जाहीर झाली.

एक्सएमएल स्वतः एकही खूण देत नाही. तिच्यात ‘शीर्षक’ नाही, ‘तारा’ नाही, ‘औषध’ नाही. खूण कशी लिहायची, उघडलेली खूण कशी मिटायची, खुणेत खूण कशी बसवायची, एवढेच नियम ती देते. खुणांची नावं ज्याची त्याने ठरवायची. आणि अक्षरांसाठी तिने पहिल्या दिवसापासून युनिकोड स्वीकारलं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या. त्यामुळे आपल्या ट्रंकेतला कागद असा लिहिला, तर तो नियमांत चोख बसतो:

<शेत>
  <क्षेत्र एकक="एकर-गुंठे">१.२०</क्षेत्र>
</शेत>

एवढीशी ओळ. पण आकडा आणि त्याचं आडनाव आता एकाच वाक्यात आहेत. वाळवीला एक सोडून दुसरं खाता येणार नाही.

रकान्याची ओळखपत्रं

एक्सएमएल जाहीर झाली, त्याच सुमारास खगोलशास्त्रज्ञांच्या डोक्यात एक महत्त्वाकांक्षा घोळत होती. जगभरच्या वेधशाळांचे संग्रह आंतरजालावर एकमेकांना जोडायचे, म्हणजे पुण्यात बसलेल्या विद्यार्थ्याला चिलीतल्या दुर्बिणीचे वेध, स्ट्रासबुर्गमधली यादी आणि अमेरिकेतला क्ष-किरण उपग्रहाचा संग्रह एका पडद्यावर पाहता येईल. या कल्पनेला ‘आभासी वेधशाळा’ हे नाव पडलं. पहिली अडचण उघड होती. प्रत्येकाची यादी वेगळ्या घाटाची. त्यासाठी २००२च्या एप्रिलमध्ये ‘व्हीओटेबल’ या प्रमाणकाची पहिली आवृत्ती आली.

त्याचा गाभा समजायला सोपा आहे. आधी प्रत्येक रकान्याचं ओळखपत्र, मग आकड्यांच्या ओळी. खऱ्या फाइलीत खुणा इंग्रजीत असतात आणि चौकटीसाठी वेगळी खूण असते. इथे थोडं आटोपशीर करून मराठीत लिहितो.

<रकाना नाव="विषुवांश" प्रकार="दशांश" एकक="अंश" चौकट="२०००"/>
<रकाना नाव="क्रांती" प्रकार="दशांश" एकक="अंश" चौकट="२०००"/>
<रकाना नाव="वेग" प्रकार="पूर्णांक" एकक="किमी/सेकंद" रिकामं="−९९९"/>
<ओळ><घर>१०.६८</घर><घर>४१.२७</घर><घर>−३००</घर></ओळ>

देवयानीबद्दलचे मघाचे बहुतेक प्रश्न इथे मिटलेले दिसतील. शेवटच्या रकान्यात −९९९ दिसलं तर ते ‘नाही’ समजावं, हेही लिहून ठेवलं आहे. उणे चिन्हाचा अर्थ तेवढा उरला. त्याकडे लगेच येतो.

‘प्रकार’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण त्याची किंमत जीवशास्त्रज्ञांना विचारावी. मानवी जनुकांत ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ अशी लघुनावं होती. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल मदतीच्या उत्साहात त्यांची तारीख करून टाके: २ सप्टेंबर, १ मार्च. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावं बदलली. मार्च१चं ‘मार्चएफ१’ झालं, सेप्ट१चं ‘सेप्टिन१’. ‘हा रकाना अक्षरांचा आहे, तारखांचा नाही’ एवढं ओळखपत्र फाइलीबरोबर चालत आलं असतं, तर बारशाचा हा दुसरा खर्च वाचला असता.

व्हीओटेबलच्या सुरुवातीच्या दिवसांत पुण्याचाही हात आहे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ हा प्रकल्प चालवला. त्यातून ‘व्हीओप्लॉट’ हे आलेख काढण्याचं साधन आलं आणि व्हीओटेबलच्या फाइली उलगडणारे प्रोग्रॅमही लिहिले गेले. प्रमाणक कागदावर कितीही सुरेख असो, ते वाचणारं फुकट आणि चालतं साधन हाती नसेल, तर लोक आपली जुनी फाइल सोडत नाहीत. प्रमाणकाचं खरं बारसं ते वाचणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये होतं.

‘व्ही’ म्हणजे काय?

आता अवघड भाग. वरच्या उदाहरणात मी रकान्याला ‘वेग’ म्हटलं. दुसऱ्याने ‘त्रिज्यीय गती’ म्हटलं असतं, तिसऱ्याने नुसतं ‘व्ही’. आणि चौथ्याच्या यादीत ‘व्ही’ म्हणजे वेग नसून ताऱ्याची दृश्य प्रकाशातली तेजस्विता असते, कारण त्या प्रकाशपट्ट्याचं नावही ‘व्ही’च आहे. दोन्ही फाइली एक्सएमएलच्या नियमांत चोख. दोन्हींत खुणा उघडल्या तशा मिटलेल्या. तरीही त्या एकमेकींशी बोलू शकत नाहीत.

खुणांभोवतीचे कंस ही भाषेची लिपी झाली. शब्दकोश वेगळा लागतो. तो तयार करायला सगळ्यात योग्य जागा फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचं खगोलीय माहिती केंद्र ही होती. १९७२ साली स्थापन झालेल्या या केंद्रात शोधनिबंधांतल्या याद्या जमवून ठेवतात. आज अशा याद्या वीस हजारांहून अधिक आहेत. तिथल्या लोकांनी वरून फर्मान काढून शब्दकोश लिहिला नाही. हजारो याद्यांतले रकाने समोर मांडले आणि कोणत्या नावांमागे एकच अर्थ आहे, ते एकेक करून पाहिलं. धान्य निवडण्यासारखं काम. त्यातून अर्थाच्या खुणांची यादी आली. पुढच्या आवृत्तीत लहान शब्द जोडून मोठा अर्थ करण्याची सोय झाली: ‘तेजस्विता’, त्याला जोडून ‘दृश्य प्रकाश’, त्याला जोडून ‘व्ही पट्टा’. साधारण आपल्या समासासारखी. ओळखपत्रात हा समास आला, की रकान्याचं नाव काहीही असो, यंत्राला कळतं की ही तेजस्विता आहे आणि तो वेग. आणि वेग कोणता ते कळलं, की त्याचा उणे-अधिकाचा रूढ संकेतही लावता येतो.

एक्सएमएलच्या प्रमाणकांबद्दल लिहिताना कंसांवरच फार शाई खर्च होते. कंस एका दुपारी शिकता येतात. ‘तू ज्याला व्ही म्हणतोस आणि मी ज्याला व्ही म्हणतो, ते एकच का?’ हा प्रश्न सोडवायला शेकडो माणसांनी एकत्र बसावं लागतं, भांडावं लागतं, आपल्या आवडीचा शब्द सोडावा लागतो. प्रमाणक म्हणजे त्या बैठकीचं इतिवृत्त.

शास्त्रज्ञाचं आडनाव

आकड्यांचं झालं. पण विज्ञानाची बरीच माहिती मजकुरात असते, शोधनिबंधांत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २०००च्या फेब्रुवारीत ‘पबमेड सेंट्रल’ हे खुलं भांडार सुरू केलं, तेव्हा प्रत्येक प्रकाशक आपापल्या खुणांत निबंध पाठवू लागला. एकाचं ‘लेखक’ तर दुसऱ्याचं ‘कर्ता’. ग्रंथालयाने मग सगळ्यांना पुरेल असा एक खुणासंच बनवून २००३मध्ये खुला केला. २०१२ साली तो ‘जॅट्स’ या नावाने अमेरिकी राष्ट्रीय प्रमाणक झाला. आज जगातल्या विज्ञान नियतकालिकांचा मोठा हिस्सा याच खुणांत साठवला जातो, आणि खुणा लावण्याचं बरंचसं काम चेन्नई, पुदुच्चेरी, मुंबईच्या कार्यालयांत होतं. तिथली मुलं-मुली दिवसभर ‘टॅगिंग’ करतात, फाइल ‘व्हॅलिडेट’ करतात, ‘एरर’ काढतात. ऑक्सफर्डमध्ये लिहिलेल्या निबंधातलं प्रत्येक नाव, साल आणि संदर्भ त्यांच्या बोटांखालून गेलेला असतो.

अशाच एखाद्या टेबलाशी जरा थांबू. पडद्यावर लेखकाचं नाव आहे: सी. व्ही. रामन. खुणा दोन आहेत, ‘आडनाव’ आणि ‘दिलेलं नाव’. आडनावाच्या घरात काय घालायचं? सगळे रामन घालतात. पण रामन हे आडनाव नव्हतंच. चंद्रशेखर हे वडिलांचं नाव, आणि ‘वेंकटरामन’ या स्वतःच्या नावाचे दोन तुकडे होऊन मागे उरला तो रामन. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचंही तसंच. सुब्रह्मण्यन वडिलांचं, चंद्रशेखर स्वतःचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिपेडी वेणी असते, म्हणून मराठी माणसाला हा खुणासंच फारसा टोचत नाही. मधल्या नावाचं काय करायचं, एवढीच पंचाईत. तमिळ माणसाला मात्र घराच्या दारातच अडतं.

‘आडनाव’ ही खूण ज्यांनी बनवली, त्यांच्या गावात सगळ्यांना आडनावं होती. प्रमाणकात असा बनवणाऱ्याचा गाव नेहमी शिरतो, नकळत. चांगल्या प्रमाणकाची परीक्षा त्यापुढे होते: अडलेल्याचं ऐकून ते वाढतं का? जॅट्समध्ये नावाच्या खुणेला ‘घडण’ सांगायची सोय आहे. पाश्चात्त्य घडण, आडनाव आधी घेणारी पौर्वात्य घडण, फक्त दिलेलं नाव असलेली घडण. आणि आइसलँडच्या वडिलांवरून चालणाऱ्या नावांसाठी एक खास घडणसुद्धा. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या देशाला प्रमाणकात स्वतःचं घर मिळालं.

गणिताच्या खुणांतही अशीच बारीक नजर दिसते. ‘मॅथएमएल’ हे प्रमाणक एक्सएमएलनंतर दोनच महिन्यांत, एप्रिल १९९८मध्ये आलं. कागदावर ‘फ(क्ष)’ लिहिलं, तर ते ‘क्षचं फल’ आहे की ‘फ गुणिले क्ष’? डोळस विद्यार्थी संदर्भावरून ओळखतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते वाचून दाखवणाऱ्या यंत्राने काय म्हणावं? म्हणून युनिकोडमध्ये दोन अदृश्य चिन्हं आहेत, एक ‘फल लागू करा’ आणि दुसरं ‘गुणा’. पडद्यावर दोन्ही दिसत नाहीत. फरक फक्त ऐकू येतो.

माफ न करणारा पहारेकरी

एक्सएमएलचा स्वभाव कडक आहे. वेबपानाची भाषा, एचटीएमएल, ढिलाई चालवून घेते. खूण मिटायची राहिली तरी ब्राउझर अंदाजाने पान दाखवतो. एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अंदाज करायला मनाई आहे. एक खूण उघडी राहिली की काम थांबवायचं आणि चूक कळवायची. सुरुवातीला हा नियम अनेकांना जाच वाटला. पण विज्ञानाच्या माहितीला तो साजेसा होता. औषधाच्या मात्रेचा अंदाज करणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा ‘मला कळलं नाही’ म्हणणारा परवडला.

त्यावर दुसरा पहारा असतो तो स्कीमाचा. कोणत्या खुणेत काय यायला हवं, किती वेळा, कोणत्या प्रकारचं, याची ती नियमावली. फाइल तिच्याशी ताडून पाहतात. ताडली गेली, की फाइल ‘व्हॅलिड’.

इथे एक सावधगिरी लागते. व्हॅलिड म्हणजे खरं नव्हे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाशी पोचलं आणि नाहीसं झालं. ते मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं होतं. हिशेबांती निघालं की ५७ किलोमीटरवरून गेलं असावं. कारण सर्वज्ञात आहे. यानाच्या छोट्या झोतांच्या धक्क्याचे आकडे एका प्रोग्रॅमने पौंडांत दिले आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये घेतले, दोन्हींत ४.४५ पटींचा फरक. या गोष्टीचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही. आकडे न्यूटनमध्ये द्यावेत, असा लेखी नियम प्रकल्पात होता. नियम कागदावर होता, आकड्यासोबत नव्हता. वाटेत कोणालाही त्याचं आडनाव विचारता आलं नाही.

तेवढ्यावरून ‘एक्सएमएल असती तर यान वाचलं असतं’ असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. पौंडांचे आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅमने एकक=“न्यूटन” अशी खूण बिनदिक्कत लावली असती, तर फाइल व्हॅलिड ठरली असती आणि यान तसंच गेलं असतं. खूण खोटं बोलू शकते. तिचा उपयोग एवढाच, की खोटं आता उघड लिहिलेलं असतं आणि पकडता येतं. मौन पकडता येत नाही.

कंस जातात, खुणा राहतात

एक्सएमएल बोलघेवडी आहे. एका आकड्यासाठी उघडती खूण, मिटती खूण. आकडा बोटभर आणि त्याचं नेसणं नऊवारी. तिच्या रचनाकारांना हे ठाऊक होतं. त्यांनी लिहून ठेवलेल्या दहा उद्दिष्टांतलं शेवटचं असं, की खुणांचा आटोपशीरपणा महत्त्वाचा नाही. १९९८मध्ये ते खपलं. पण माहितीचे डोंगर वाढले, तसा भार जाणवू लागला. व्हीओटेबलने पहिल्यापासूनच पळवाट ठेवली होती: ओळखपत्रं एक्सएमएलमध्ये लिहा आणि आकडे हवे तर यंत्राच्या द्विमान अंकांत घट्ट बांधून द्या. प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक भांडाराने तर एक्सएमएलचं रूप उपलब्ध ठेवूनही मुख्य प्रमाणक म्हणून वेगळीच, आटोपशीर मांडणी निवडली. वेबवरच्या रोजच्या देवघेवीतली बरीच जागा ‘जेसन’ या हलक्या मांडणीने घेतली.

युरोपच्या ‘गाया’ दुर्बिणीचं उदाहरण बोलकं आहे. २०२२च्या जूनमध्ये तिची तिसरी मोठी यादी खुली झाली, सुमारे १८० कोटी खगोलीय वस्तूंची. तिच्या संग्रहातून निवडक तारे मागवले, तर ते आजही व्हीओटेबलमध्ये मिळतात. पण सगळी यादी उतरवून घ्यायची, तर ती साध्या स्वल्पविरामांच्या तक्त्यात येते. मात्र तक्त्याच्या डोक्यावर प्रत्येक रकान्याचं नाव, प्रकार आणि एकक लिहिलेलं असतं. कंस उतरवले, ओळखपत्र ठेवलं.

उलट बाजूने पाहा. २०२०च्या मार्चमध्ये, साथ जगभर पसरत असताना, करोना विषाणूंवरच्या निबंधांचा ‘कॉर्ड-१९’ हा संग्रह संगणकांनी वाचावा म्हणून खुला केला गेला. सुरुवातीलाच त्यात २९,००० निबंध होते. बरेच निबंध पीडीएफच्या रूपात होते, आणि पीडीएफला फक्त अक्षर पानावर कुठे बसतं ते ठाऊक असतं. दोन स्तंभांचं पान, मध्ये तक्ता, खाली तळटीप. यातून वाक्य सलग काढणं म्हणजे फाटलेलं पत्र जोडणं. ज्या निबंधांची जॅट्समधली प्रत पबमेड सेंट्रलमध्ये होती, त्यांचा मजकूर पुढे तिच्यावरूनही घेतला गेला. तिथे परिच्छेद हा परिच्छेद होता आणि तक्ता हा तक्ता. या निबंधांना खुणा लावणाऱ्यांनी आधीच हे काम केलं, तेव्हा साथीची चाहूलही नव्हती. खुणा लावताना उपयोग कधी आणि कोणाला होईल हे माहीत नसतं. म्हणूनच त्या लावायच्या असतात.

आता पुन्हा ट्रंकेतल्या कागदाकडे. २०२० साली महाराष्ट्रात सातबाऱ्याचा नमुना बदलला. दोन बदल या प्रकरणाला जवळचे आहेत. गावाच्या नावाशेजारी आता त्याचा सांकेतिक क्रमांक येतो, कारण वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती, हे मोजायला बसू नये. आणि क्षेत्राचं एकक उताऱ्यावर छापलेलं असतं: शेतीसाठी हेक्टर, आर, चौरस मीटर, बिनशेतीसाठी आर, चौरस मीटर. तलाठ्याला एकक आधीही ठाऊक होतं, शेतकऱ्यालाही. ते छापलं ते त्यांच्यासाठी नव्हे. तो उतारा पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी ट्रंकेत सापडेल, त्याच्यासाठी छापलं.